मोटर वेगळी, नळ वेगळा: चेतापेशीतला पंप आणि चॅनेल

बारावीच्या जीवशास्त्राच्या उत्तरपत्रिकांत चेतापेशीबद्दल एक वाक्य दरवर्षी हमखास भेटतं: ‘आत शिरलेलं सोडियम सोडियम-पोटॅशियम पंप बाहेर फेकतो आणि पेशी पुन्हा मूळ स्थितीत येते.’ वाक्य इतकं सरळ चालीचं आहे की तपासणाराही बरोबरची खूण करून पुढे जातो. मीही केली आहे. पण त्यात एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर जमा झालेलं असतं.

गोंधळ होणं साहजिक आहे. पंप आणि चॅनेल ही दोन्ही पेशीच्या पटलात रुतून बसलेली प्रथिनं, आणि दोन्हींतून जा-ये करणारे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणूही तेच: सोडियम आणि पोटॅशियम.

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा. मोटर खालचं पाणी वर चढवते, त्याला वीज लागते आणि वेळही लागतो. नळ सोडला की पाणी आपल्या वजनानं धो-धो येतं, तिथे विजेचा संबंध नाही. दुपारी लाईट गेली तरी टाकीत पाणी आहे तोवर नळ चालतो. चेतापेशीत पंप म्हणजे मोटर आणि चॅनेल म्हणजे नळ.

मोटरची गती पाहा. पंप एका फेरीत ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतो. अशा तऱ्हेनं एका सेकंदात त्याच्या हातून फार तर काही शे आयन हलतात. उघड्या चॅनेलमधून तेवढ्याच वेळात सुमारे एक कोटी आयन निघून जातात, तेही एटीपी न जाळता. चेतापेशीचा एक विद्युत-स्पंद, म्हणजे तिच्यातून धावणारा संदेश, जेमतेम एका मिलिसेकंदाचा. तेवढ्यात एक पंप धड एक फेरीही पुरी करत नाही. स्पंद घडवणं किंवा मिटवणं त्याच्या आवाक्यातलंच नाही.

मग स्पंद घडतो कसा? पंपाच्या आधीच्या मेहनतीमुळे पेशीच्या आत पोटॅशियम साठलेलं असतं, लिटरमागे साधारण १४० मिलिमोल, बाहेर जेमतेम ५. सोडियमचं बरोबर उलट. पोटॅशियमची काही चॅनेल कायम किलकिली असतात. त्यांतून थोडं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि आतली बाजू उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास राहते. (हा आकडाही मुलं पंपाच्या खात्यावर टाकतात. पंपाचा थेट हातभार काही मिलिव्होल्टचाच.) चेतना मिळून व्होल्टेज एका मर्यादेपलीकडे चढलं की सोडियमची चॅनेल फटाफट उघडतात, सोडियम आत घुसतं, आतली बाजू धन होते. लगेच ती चॅनेल आपोआप बंद पडतात, पोटॅशियमची जास्तीची चॅनेल उघडतात आणि पोटॅशियम बाहेर पडून व्होल्टेज खाली येतं. परतीचा हा प्रवासही नळानंच केलेला असतो. पुढच्या टापूतलं पटल आत आलेल्या या प्रवाहानं चेतवलं जातं, तिथली चॅनेल उघडतात आणि स्पंद पुढे सरकतो. मागची चॅनेल अजून बंद पडलेली असल्यानं तो उलटा फिरत नाही.

हे नुसतं कागदावरचं तर्कशास्त्र नाही. हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये स्पंदाचं गणित मांडलं ते माकुळाच्या (स्क्विडच्या) महाकाय ॲक्झॉनवर, म्हणजे चेतापेशीच्या लांब तंतूवर. आपल्या कोकणात ज्याचं तिखलं होतं त्याच माकुळाच्या जातभाईवर. हा तंतू अर्ध्या मिलिमीटरहूनही जाड असतो, आत तार घालता येते. पुढे हॉजकिन आणि कीन्स यांनी अशा तंतूंना डायनायट्रोफिनॉल आणि सायनाईड देऊन ऊर्जानिर्मिती बंद पाडली. सोडियम बाहेर टाकणं मंदावलं, पण चेतवल्यावर तंतू स्पंद देतच राहिला. १९६१ मध्ये बेकर, हॉजकिन आणि शॉ यांनी तर टूथपेस्ट पिळावी तसा तंतूच्या आतला गर छोट्या रोलरनं पिळून काढला आणि आत साधं पोटॅशियमचं द्रावण भरलं. एटीपी नाही, काही नाही, तरी तंतू स्पंद देत होता. एवढ्या जाड तंतूत एका स्पंदाला दहा लाखांत एखादाच पोटॅशियम आयन बाहेर जातो, त्यामुळे टाकी सहजी रिकामी होत नाही.

पंपाचा शोध मात्र खेकड्याच्या पायातल्या चेतातंतूंतून लागला. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये तो मांडला, नोबेल मिळायला १९९७ उजाडलं.

दोघांतला फरक खरा कळतो तो विषांतून. दातांचे डॉक्टर हिरडीत सुई देतात तेव्हा त्यातलं लिडोकेन सोडियमची चॅनेल अडवतं. काही मिनिटांत ओठ बधिर. टाकी भरलेली, मोटर ठीक, नळच दाबून धरलेला. आपल्या केंड माशाचा जपानी भाईबंद फुगू, त्याचं विष हेच काम जीवघेण्या पातळीवर करतं. उलट, अंगणात आणि महामार्गाच्या दुभाजकावर फुलणारी कण्हेर मोटरवर घाव घालते. तिच्यातली द्रव्यं पंपाला रोखतात, आत सोडियम साचतं, त्यापाठोपाठ हृदयाच्या पेशींत कॅल्शियम वाढतं आणि ठोके बिघडतात. डिजॉक्सिन हे हृदयाचं औषध याच मार्गानं चालतं, म्हणून त्याचा डोस इतका जपून द्यावा लागतो.

मोटर दुय्यम आहे असं मात्र कोणी समजू नये. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण तो विश्रांतीतल्या शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो आणि त्यातला मोठा वाटा या पंपांचा असतो. शिवाय माकुळाचा तंतू म्हणजे मोठी टाकी. आपल्या शरीरातले बारीक तंतू म्हणजे बादल्याच. एकामागून एक स्पंद गेले की त्यांच्यात सोडियमची पातळी चटकन वाढते. ती वाढली की पंप आपणहून वेग घेतो, आणि ३ बाहेर २ आत या हिशेबामुळे व्होल्टेज नेहमीपेक्षाही खाली ओढतो. तेवढा वेळ पुढचा स्पंद उठवणं अवघड जातं. तेव्हा ‘पंपानं व्होल्टेज खाली आणलं’ हे वाक्य इथे लिहिलं तर गुण द्यावे लागतील.