स्टीप हिल (लिंकन)

स्टीप हिल हा इंग्लंडमधल्या लिंकन शहरातला एक छोटासा रस्ता आहे, आणि नाव ठेवताना कुणी फार डोकं चालवलेलं नाही, नुसतं 'खडी चढण'. चढ साधारण सातास एक, म्हणजे सात फूट पुढे गेलात की एक फूट वर, आणि अगदी उभ्या पट्ट्यात तर धरून चढायला कठडा लावलाय. खालून हाय स्ट्रीट येतो, तो चिंचोळा होतो तिथे त्याचं नाव 'द स्ट्रेट' होतं (सरळ या अर्थाचा नाही हां, अरुंद या अर्थाचा जुना शब्द), मग स्टीप हिल सुरू, आणि धापा टाकत वर पोचलं की एका हाताला किल्ला, दुसऱ्या हाताला कॅथेड्रल.

मूळ रस्ता रोमनांचा. टेकडीवर आधी त्यांच्या सैन्याचा तळ होता, मग तिथे लिंडम कोलोनिया हे गाव वसलं, आणि लंडनहून यॉर्ककडे जाणारा अर्मिन स्ट्रीट इथूनच जायचा. रोमनांना रस्ता सरळ हवा असायचा, पण इतक्या चढावर बैलगाडी कशी नेणार, म्हणून पायी जाणाऱ्यांना पायऱ्या आणि गाड्यांना वळसा.

पण या रस्त्याची खरी गोष्ट आहे ती ज्यूंची. 12व्या शतकात लिंकनमध्ये ज्यूंची मोठी वस्ती होती आणि 'ज्यूज हाऊस' हे त्या काळातलं दगडी घर चढणीच्या पायथ्याशी अजून उभं आहे. आरन ऑफ लिंकन हा त्यातला सगळ्यात बडा सावकार, 1186 मध्ये तो वारला तेव्हा राजाने त्याची सगळी मालमत्ता घेतली आणि त्याची येणी वसूल करायला खजिन्यात वेगळं खातंच उघडावं लागलं! रस्त्यावरच्या 'नॉर्मन हाऊस'ला पूर्वी बिनधास्त आरनचं घर म्हणायचे, पण त्याला पुरावा काहीच नाही. पुढे 1255 मध्ये ह्यू नावाच्या एका लहान मुलाचं प्रेत विहिरीत सापडलं, ज्यूंनीच बळी दिला अशी आवई उठली आणि 19 ज्यूंना फाशी झाली. 1290 मध्ये तर राजाने सगळ्या ज्यूंना देशाबाहेरच काढलं. त्या मुलाची समाधी कॅथेड्रलमध्ये आहे, आणि ती गोष्ट खोटी होती असं सांगणारी पाटी तिथे लागायला 1955 उजाडलं.

आता इथे चहाची दुकानं, जुनी पुस्तकं, पर्यटक. इतकी जुनी घरं टिकली त्याचं बरंचसं श्रेय मी तरी चढालाच देईन, कारण मोठी वाहतूक इथून नेणं शक्यच नव्हतं, ती बाजूच्या लिंडम रोडने वळून जाते. गावातले लोक अजून 'अपहिल' आणि 'डाउनहिल' अशी शहराची वाटणी करतात, वर कॅथेड्रल आणि जरा पैसेवाली वस्ती, खाली नदी, स्टेशन आणि एकेकाळचे कारखाने. चढताना दम लागतो हे सगळेच सांगतात, पण पावसात त्या गुळगुळीत दगडांवरून उतरणं जास्त अवघड.