काळ्या जस्तावरची चांदी

1875-76 साली प्रिन्स ऑफ वेल्स आल्बर्ट एडवर्ड हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्यांना मिळालेल्या भेटवस्तूंची संख्या 2000 च्या वर गेली आणि पुढे लंडनमध्ये त्यांचे प्रदर्शनही भरले. नजराण्यांच्या त्या काळात धातूवर सोन्याचांदीचे जडावकाम केलेल्या वस्तूंना मोठा मान होता. शस्त्रांवरचे असे जडावकाम, म्हणजे कोफ्तगरी, पोलादावर होई. निजामाच्या राज्यातील बीदरचे चांदीचे जडावकाम, म्हणजे बिदरी, मात्र जस्तावर घडे, आणि तिची सारी गंमत या जस्तातच आहे.

जस्त सुमारे 420 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून ओतकामाला सोयीचे. बिदरीच्या ओतीव धातूत बहुतांश जस्त आणि थोडेसे तांबे असते. साच्यातून निघालेली सुरई किंवा हुक्क्याची बैठक कानशीने गुळगुळीत केली की तिच्यावर मोरचुदाचे, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराचे, पाणी फिरवतात. जस्त द्रावणातले तांबे बाहेर काढून स्वतः त्यात विरघळते, त्यामुळे पृष्ठभाग तात्पुरता काळवंडतो आणि अणकुचीदार सळईने काढलेली रेघ त्यावर पांढरी उमटते. या रेघांवरून छिन्नीने खाचा कोरून त्यांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. तारेच्या कामाला तारकशी, तर पत्र्याच्या कामाला तहनिशान म्हणतात. मग पुन्हा घासकाम होते आणि तो पहिला काळा रंग पार निघून जातो. या टप्प्यावर करडे जस्त आणि पांढरी चांदी जेमतेम वेगळी ओळखू येतात.

खरी किमया शेवटी घडते. बीदरच्या किल्ल्यातील जुन्या, ऊनपाऊस न लागलेल्या जागेची माती नवसागर या क्षारात कालवून किंचित तापवलेल्या वस्तूवर चोळली जाते. माती योग्य आहे की नाही, हे कारागीर ती जिभेवर ठेवून ठरवतात. प्रयोगशाळेला हेवा वाटावा अशीच ही परीक्षा. नवसागर जस्ताला भराभर विरघळवतो, मागे उरलेल्या तांब्याचे प्रमाण पृष्ठभागावर वाढते आणि तिथे गडद काळा थर धरतो. निव्वळ जस्तावर असा काळा येत नाही, त्यासाठी ते थोडेसे तांबे हवेच. चांदीवर मात्र या लेपाचा परिणाम होत नाही. वस्तू धुऊन तेलाचा हात फिरवला की काळ्यावर नक्षी लखलखू लागते.

इंग्रजांमधली हुक्क्याची आवड ओसरली, तसे कारागीर फुलदाण्या, तबके आणि डब्यांकडे वळले, पण रसायन तेच राहिले. खरी अडचण साहेबाच्या घरी पोचल्यावर सुरू होई. गंधकयुक्त हवेने चांदी काळवंडते, आणि काळवंडलेली चांदी घासायची, ही सवय सगळीकडचीच. परंतु बिदरीचा काळा थर अतिशय पातळ असतो. पॉलिश लावून खसाखसा घासल्यास तो झिजून खालचे करडे जस्त उघडे पडते, आणि चांदी जागच्या जागी शाबूत असूनही नक्षी दिसेनाशी होते.