गाडी उलाळते तेव्हा तरफ बदलते

माझी भाची सहावीत आहे. चाचणीत प्रश्न आला होता, ‘पहार ही कोणत्या प्रकारची तरफ आहे?’ तिनं लिहिलं, ‘पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही. कशी लावली त्यावर आहे.’ उत्तरावर फुली पडली. रविवारी पेपर घेऊन माझ्याकडं आली आणि म्हणाली, “मामा, मी डोळ्यांनी बघितलंय.”

तिनं खरंच बघितलं होतं. त्यांचं रान तासगावच्या पूर्वेला, खडकाळ. द्राक्षबागेसाठी रान करताना तिच्या वडिलांनी महिनाभर दगड काढले. तिचं उत्तर बरोबर आहे, आणि का बरोबर आहे ते नीट सांगावं म्हणून हा लेख.

शाळेतलं तेवढं आठवून घेऊ. तरफेत तीन जागा असतात: टेकू, भार आणि बल. टेकू मध्ये असला तर पहिला प्रकार, उदाहरण कात्री. भार मध्ये असला तर दुसरा, अडकित्ता. बल मध्ये असलं तर तिसरा, चिमटा. पोरं ही यादी पाठ करतात आणि तिथंच घोटाळा होतो. प्रकार हत्याराचा नसतो, त्या हत्यारानं आपण त्या घडीला काय करतोय त्याचा असतो.

पाच फुटी पहार घ्या, म्हणजे साधारण दीड मीटर. टोक दगडाखाली घातलं, टोकापासून १५ सेंटिमीटरवर दुसरा दगड टेकू म्हणून ठेवला आणि मागचं टोक खाली दाबलं. टेकूपासून हात १३५ सेंटिमीटरवर, भार १५ वर. बल नऊपट होतं. दगडाची कड उचलायला १८० किलो लागत असतील तर तुमचे २० किलो पुरतात. हा झाला पहिला प्रकार.

आता टेकूचा दगड काढा. टोक दगडाखालून पुढं जमिनीत रुतवा आणि मागचं टोक वर उचला. दगड टोकापासून त्याच १५ सेंटिमीटरवर पहारीवर बसलाय, पण आता टेकू म्हणजे जमिनीत रुतलेलं टोक, आणि हात त्याच्यापासून पूर्ण दीड मीटरवर. हा दुसरा प्रकार, आणि बल दहापट. तीच पहार, तोच दगड, १८ किलोत काम. तरीही माणसं बहुतेक वेळा पहिलाच प्रकार वापरतात. दाबताना अंगाचं वजन कामी येतं. उचलताना सगळा ताण कमरेवर येतो. दगड पुढं ढकलायचा असेल तेव्हा मात्र दुसरा सोयीचा.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. पहिल्या प्रकारात दगड १० सेंटिमीटर उचलायचा तर हात ९० सेंटिमीटर खाली न्यावा लागतो. २० गुणिले ९० आणि १८० गुणिले १०, दोन्हीकडं १८००च. आर्किमिडीजनं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तरफेचा नियम गणितानं सिद्ध केला, त्याचं मोल आजही एवढ्या हिशोबात कळतं.

पण मला खरी आवडते ती तरफ आपल्याकडं कारखान्याच्या हंगामात रोज रस्त्यावर दिसते: उसानं भरलेली दोन चाकी बैलगाडी. तिला कुणी तरफ म्हणत नाही. आख, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, हा टेकू, ऊस हा भार, आणि तीन मीटर पुढं जुवाखाली बैलांच्या माना.

समजा गाडी आणि ऊस मिळून दीड टन आहे, आणि या सगळ्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथं एकवटलंय असं धरता येतं ती जागा, आखाच्या १० सेंटिमीटर पुढं आहे. मानेवर किती वजन येईल? १५०० गुणिले १०, भागिले ३००, म्हणजे ५० किलो. एका बैलावर २५. भार आख आणि जू यांच्या मध्ये आहे, म्हणून ही दुसऱ्या प्रकारची तरफ. गुरुत्वमध्य आणखी २० सेंटिमीटर पुढं सरकला, म्हणजे पुढच्या अंगाला मोळ्या जास्त पडल्या, की तोच ऊस मानेवर दीडशे किलो होऊन बसतो. ओढायचं वजन कणभर वाढलेलं नाही, पण बैलाचा खांदा सोलून निघतो. खांद्यावर सुजून आलेलं आवाळू ज्यानं जवळून बघितलंय त्याला हे वीस सेंटिमीटर किती मोठे ते सांगावं लागत नाही.

मग भार बरोबर आखावरच का ठेवू नये? मान पूर्ण मोकळी राहील. इथं चढ-उतार आडवे येतात. उंच रचलेल्या उसाचा गुरुत्वमध्य जुवाच्या पातळीपेक्षा वर असतो. तो अर्धा मीटर वर आहे असं धरा. दहा फुटांना एक फूट असा चढ लागला की गाडी मागं कलते, आणि परिणाम असा होतो की जणू भार ५ सेंटिमीटर मागं सरकला. उतारावर बैल गाडी थोपवून धरतात तेव्हा तो तितकाच पुढं येतो. आपली १० सेंटिमीटरची गाडी चढावर मानेवर २५ किलो टाकेल आणि उतारावर ७५. सपाटीला भार आखाच्या फक्त ५ सेंटिमीटर पुढं ठेवलेली गाडी मात्र त्याच चढावर शून्यावर येईल. चाक जरा खड्ड्यात गेलं की भार आखाच्या मागं, टेकू मध्ये, आणि त्या क्षणी दुसऱ्या प्रकारची तरफ पहिल्या प्रकारची होते. जू वर उचललं जातं, गळ्याखालचा पट्टा बैलाला फास लावतो. यालाच गाडी उलाळणं म्हणतात.

आमच्या भागात ओढ्यावरचा एक चढ यासाठी बदनाम आहे. तिथं गाड्या उलाळतात म्हणून लोक लिंबू-नारळ ठेवून पुढं जातात. त्या जागेला कुठलीही बाधा नाही. चढ उभा आहे आणि चढाच्या तोंडालाच खड्डा आहे. नारळाच्या पैशात मुरूम येतो, तो टाकावा.

२०२२ साली इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी दोन बैलांच्या मध्ये, जुवाला आधार देणारं तिसरं चाक बसवलं. त्याचा फोटो देशभर फिरला. काम चांगलंच आहे, कारण मानेवर उभं येणारं वजन ते चाक घेतं. पण फोटोखाली लोक ‘बैलांचं ओझं संपलं’ असं लिहीत होते, ते खरं नव्हे. गाडी ओढायचं बळ बैलांनाच लावावं लागतं. आणि चाक जुवाला खालून आधार देतं. उलाळलेलं जू वरून दाबून धरणं काही त्याला जमणार नाही. भार नीट रचायची गरज राहतेच.

आपल्या कोपरातही हीच अदलाबदल चालते. हात वाकवताना दंडाचा पुढचा स्नायू कोपराच्या पुढं साधारण ४ सेंटिमीटरवर ओढतो आणि तळहात ३५ सेंटिमीटरवर असतो: तिसरा प्रकार. ५ किलोची पिशवी धरायला त्या स्नायूला चाळीसेक किलोनं ओढावं लागतं. बदल्यात तो एक सेंटिमीटर आखडला की हात जवळपास नऊ सेंटिमीटर फिरतो. तोच हात डोक्यावर सरळ करताना मागचा स्नायू कोपराच्या पलीकडून ओढतो, टेकू मध्ये येतो: पहिला प्रकार. सांधा एकच.

भाचीला मी उसाच्या फडावर नेलं. गाडी भरून झाल्यावर गाडीवानानं पुढचं टेकण काढलं, जू दोन्ही हातांनी जरा उचलून पाहिलं आणि मान हलवली. मग पुढच्या अंगाच्या सहा मोळ्या काढून मागं टाकल्या. वीस किलोची मोळी आखाच्या मीटरभर पुढून मीटरभर मागं गेली की जुवावरचे तेरा किलो कमी होतात; सहा मोळ्यांचे ऐंशी. त्यानं पुन्हा जू उचललं, भाचीलाही उचलू दिलं, आणि मग बैल आणले.