म्हशीच्या पोटातला चुंबक

मागच्या पंधरवड्यात शेजारचे काकाजी मोबाइलवर एक व्हिडिओ घेऊन आले. परदेशातला कुणी पशुपालक गाईच्या घशात बोटाएवढी धातूची कांडी सोडतो आहे आणि खाली मराठीत लिहिलेलं : 'हा चुंबक गाईच्या रक्तातलं लोह ओढून घेतो, आपल्या जनावरांना देऊ नका.' काकाजींचा चेहरा उतरला होता. दीड वर्षापूर्वी त्यांच्याच म्हशीच्या पोटात अशी कांडी सोडली, तेव्हा मी कोठ्यात उभा होतो आणि 'घाला' म्हणणाऱ्यांत मीही होतो. 'गुरुजी, आपलं चुकलं तं नाही ना जी?' एवढंच त्यांनी विचारलं.

चुकलं नाही. पण 'चुकलं नाही' एवढं सांगून भागत नाही, कारण हा व्हिडिओ आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गावोगावी फिरतोय, आणि ज्या आजारासाठी ही कांडी आहे, चाऱ्यातून गेलेली तार नाहीतर खिळा पोटात रुतण्याचा, तो आमच्याकडे नवा नाही.

आधी त्या म्हशीचं सांगतो. सोयाबीन निघालं होतं, कुटाराची, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाची, गंजी लागली होती. म्हैस आठव्या महिन्यात गाभण. एका संध्याकाळी तिनं गव्हाणीतल्या ढेपेलाही तोंड लावलं नाही. पाठीला बाक काढून, पुढच्या पायांची कोपरं बाहेर फाकवून ती उभी राहिली, ती बसेचना. कोठ्याच्या उतारावरून खाली आणताना प्रत्येक पावलाला कण्हायची. घरात मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, कारण नजर लागली असणार असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पोटावर तापलेल्या विळ्याचा डाग द्यायला सांगितला आणि तो दिलाही गेला. यात चार दिवस गेले. मला या चार दिवसांचा राग आजही आहे. पोटात टोक रुतलेल्या जनावराला वरून चटका देणं हा उपचार नाही, छळ आहे.

पाचव्या दिवशी पशुवैद्यक डॉक्टर आले. त्यांनी खांद्यांच्या मधला, वशिंडाच्या जागेचा भाग मुठीत धरून दाबला. निरोगी जनावर असं दाबलं की पाठ खाली वाकवतं. हिनं वाकवली नाही, उलट कण्हली. मग दोघांनी छातीखालून आडवा बांबू घालून हळूच उचलला, आणि बांबू कोपरांच्या मागे आला तसा पुन्हा तोच आवाज. डॉक्टर म्हणाले, 'तार गेली असावी.'

डाव्या कुशीत भूल देऊन, म्हैस उभीच ठेवून शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत गेला आणि मूठ बाहेर आली तेव्हा तीत दोन खिळे, काही खडे आणि दीड इंचाचा एक तारेचा तुकडा होता. तुकडा पोटाच्या पुढच्या, जाळीपोट नावाच्या कप्प्याच्या भिंतीत रुतलेला होता. मी तो पाण्यानं धुऊन हातात घेतला. सेंट्रिंगच्या कामात सळया बांधायला वापरतात ती बारीक बांधणीची तार, आणि दोन्ही टोकं तिरकी कापलेली. तिरकी म्हणजे कुटी मशीनच्या, चारा बारीक करायच्या यंत्राच्या, पात्यानं कापलेली. अख्खी हातभर तार असती तर गव्हाणीत कुणाला दिसली तरी असती. मशीननं तिचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला दोन धारदार टोकं दिली. नको तेवढी बरोब्बर लांबी.

शेळी ओठांनी निवडून खाते, म्हणून तिच्यात हा प्रकार क्वचित. गाय-म्हैस जीभ फिरवून घास ओढते आणि फारसं न चावता गिळते. चावण्याचं काम नंतर, रवंथ करताना. तिच्या जिभेवरचे आणि गालाच्या आतले काटे मागच्या दिशेला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेली तार बाहेर थुंकणं तिला जमत नाही. अन्ननलिका जिथं उघडते तिथं मागे शंभर-दीडशे लिटरचं कोटीपोट आणि पुढे, खालच्या अंगाला, मधाच्या पोळ्यासारख्या घरांचं जाळीपोट. चारा हलका, तो कोटीपोटात तरंगतो. खिळा, तार, खडा जड, ते जाळीपोटाच्या घरांत जाऊन बसतात. हे जाळीपोट साधारण मिनिटाला एकदा जोरात आवळतं. त्याच्या पुढे छाती आणि पोट यांमधला पडदा, आणि त्या पडद्यापलीकडे काही सेंटिमीटरवर हृदय. दर मिनिटाला एक धक्का, दिवसाला चौदाशेच्या आसपास धक्के, आणि टोक पुढच्या दिशेला. तार हृदयावरणात पोचली की तिथं पू भरतो, मानेच्या शिरा फुगतात, गळ्याखाली-छातीखाली सूज उतरते. तिथून जनावर सहसा परत येत नाही. गाभणपणाच्या शेवटी वासराचा भार पुढे सरकतो, तेव्हा आणि विताना धोका वाढतो. काकाजींची म्हैस वेळेत सापडली असं म्हणायचं.

टाके घालण्याआधी डॉक्टरांनी ती कांडी आत ठेवली. सात-आठ सेंटिमीटर लांब, बोटाहून बारीक, दोन्ही टोकं गोल. ती जड असल्यानं जाळीपोटातच राहते, जन्मभर. पुढे जाण्याची वाट इतकी अरुंद की तिथून बारीक झालेला चाराच जातो. नंतर आत येणारी प्रत्येक लोखंडी तार, खिळा, टाचणी या कांडीला चिकटतो, लांबीच्या दिशेनं आडवा होतो आणि त्याचं टोक भिंतीकडे राहत नाही. चुंबक तार विरघळवत नाही, बाहेरही काढत नाही. तो तिला फक्त निजवून ठेवतो.

आता त्या धातूकडे येतो, कारण मला खरं लिहायचं आहे ते त्याच्याबद्दल.

ही कांडी ज्या मिश्रधातूची ओतली जाते त्याचं नाव अल्निको : अॅल्युमिनियमचा अल, निकेलचा नि, कोबाल्टचा को, आणि उरलेलं मुख्यतः लोखंड. १९३१ मध्ये जपानचे धातुशास्त्रज्ञ तोकुशिची मिशिमा यांना आढळलं की लोखंड-निकेलच्या मिश्रणात अॅल्युमिनियम घातलं तर तेव्हाच्या पोलादी चुंबकांना मागे टाकणारा चुंबक तयार होतो. अॅल्युमिनियमला तर चुंबक ओढतही नाही! पुढे त्यात कोबाल्ट आलं. अल्निको ५ या प्रकारात साधारण ८ टक्के अॅल्युमिनियम, १४ टक्के निकेल, २४ टक्के कोबाल्ट, ३ टक्के तांबं असतं. जुन्या रेडिओच्या स्पीकरमध्ये हाच असे.

साडेबाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास हे सगळे धातू एकमेकांत पूर्ण मिसळलेले असतात. मग थंड करताना साधारण साडेआठशे अंशांच्या सुमारास मिश्रण आतल्या आत फुटतं. लोखंड-कोबाल्ट एका बाजूला जमतं, निकेल-अॅल्युमिनियम दुसऱ्या. जमतं तेही गोळ्यांत नाही, सुयांत. त्या वेळी बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून ठेवलं तर सगळ्या सुया त्याच दिशेला वाढतात, तिफणीनं पेरलेल्या ओळींसारख्या. सुईची जाडी काही दशक नॅनोमीटर; माणसाच्या केसाच्या जाडीत दोनेक हजार सुया शेजारी शेजारी मावतील. लोखंड-कोबाल्टची प्रत्येक सुई म्हणजे एक पूर्ण चुंबक, आणि तिच्याभोवती जवळजवळ चुंबकत्व नसलेला निकेल-अॅल्युमिनियमचा गिलावा.

सुईच का? चुंबकाच्या दोन ध्रुवांमुळे त्याच्या स्वतःच्या आतही एक क्षेत्र तयार होतं आणि ते उलट्या दिशेनं असतं. म्हणजे प्रत्येक चुंबक स्वतःच स्वतःला पुसायला बघतो. ध्रुव जवळजवळ असले तर हे उलटं क्षेत्र मोठं, लांब असले तर लहान. म्हणून सुईतलं चुंबकत्व लांबीच्या दिशेनं सुखानं राहतं. आडवं वळायचं तर दोन्ही ध्रुव सुईच्या लांब बाजूंवर, एकमेकांच्या अगदी जवळ येतात आणि त्याला भारी ऊर्जा लागते. ती सहज मिळत नाही, म्हणून सुई वळत नाही, म्हणून अल्निको वर्षानुवर्षं चुंबक राहतो. साध्या तारेत असं काही अडवणारं नसतं, म्हणून ती चुंबकाजवळ चुंबक होते आणि दूर नेली की जवळजवळ सगळं विसरते.

हाच हिशेब पूर्ण कांडीलाही लागू पडतो. अल्निकोचं क्षेत्र दांडगं, पण उलट्या क्षेत्रापुढे टिकण्याची ताकद बेताची, प्रतिमीटर सुमारे ५० किलोअँपिअर. त्याचा गोल गोळा केला तर स्वतःचं उलटं क्षेत्र चुंबकत्वाच्या एक तृतीयांश भरतं, म्हणजे पूर्ण चुंबकत्वाला तीनशे किलोअँपिअरच्या वर, टिकण्याच्या ताकदीच्या सहापटीहून जास्त. गोळा स्वतःलाच पुसून टाकेल. लांबी जाडीच्या पाचपट ठेवली तर तो वाटा एक दशांशाच्याही खाली येतो आणि चुंबक तगतो. शाळेच्या प्रयोगशाळेतले पट्टीचुंबक जोडीनं, टोकांना मऊ लोखंडाचे तुकडे लावून ठेवायचे असतात ते याच उलट्या क्षेत्रासाठी.

आत सुई, बाहेर कांडी, एकच नियम. आणि म्हशीच्या घशालाही नेमका हाच आकार हवा : लांब, गुळगुळीत, गोल टोकांचा. धातूची गरज आणि जनावराची गरज एकाच आकारात बसली, याचं मला पहिल्या दिवसापासून अप्रूप आहे. हल्ली स्वस्त फेराइटचे चुंबकही या कामाला मिळतात आणि ते चालतात. निओडिमियम जास्त ताकदीचं, पण त्यावरचा लेप खरवडला गेला की ओलीत ते गंजून भुगा होतं. अल्निकोला पोटातली एकोणचाळीस अंशांची ऊब आणि ओल फारशी बाधत नाही.

आता रक्तातलं लोह. खिळ्यातलं लोखंड चुंबकाकडे धावतं, कारण त्यात अब्जावधी अणू स्फटिकात एकमेकांना धरून एका दिशेला वळतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधला लोहाचा अणू एकटा असतो, मोठ्या रेणूच्या मध्ये बसवलेला. कुटारातलं लोहही असंच संयुगांत असतं. १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं की प्राणवायू घेतलेलं रक्त चुंबकापासून अगदी किंचित दूर ढकललं जातं आणि प्राणवायू सोडलेलं अगदी किंचित ओढलं जातं. इतकं किंचित की नागपूरला एमआरआयच्या यंत्रात, या कांडीच्या कितीतरी पट मोठ्या चुंबकात, माणूस अर्धा तास पडून राहतो आणि त्याच्या रक्ताला काही होत नाही. गाईचं लोह चुंबक पळवतो हे खोटं आहे. उलट बाजूनं, चुंबक लावलेलं पाणी पाजून दूध वाढतं असं सांगत फिरणारेही आहेत. तेही खोटं. पाणी चुंबकत्व साठवून ठेवत नाही.

कांडीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तांबं, पितळ, अॅल्युमिनियम, बहुतेक स्टेनलेस स्टील आणि प्लास्टिक तिला चिकटत नाही. तार भिंत फोडून पार गेली असेल तर कांडी तिला परत आणू शकत नाही, तिथं डॉक्टरच हवेत. म्हणून ती आधी द्यायची, कालवड वर्षाची झाली की, एकदाच, आणि पशुवैद्यकाकडून, गोळी देण्याच्या नळीनं. घरच्या स्पीकरमधलं चुंबकाचं कडं फोडून घालायचा विचारही करू नका. त्याच्या कडा तारेइतक्याच घातक.

कांडी न परवडणाऱ्याला मी एक सांगतो. कुटी मशीनच्या तोंडाशी, कुटार जिथून घसरतं त्या पत्र्याखाली, एक चांगला चुंबक पक्का बसवा आणि आठवड्याला पत्रा पुसा. पशुखाद्याच्या कारखान्यांत हेच मोठ्या प्रमाणावर करतात. आणि थंडीत शेकोटीला टायर जाळू नका. टायर जळून जातं, त्यातली पोलादी तार राखेत राहते आणि ती राख शेणखताबरोबर वावरात जाते, तिथून चाऱ्यात.

हे सगळं सांगून झाल्यावर काकाजींनी विचारलं, 'पण ते आजूनही आत हाये का?' शाळेतून होकायंत्र आणलं. कोठ्यात म्हैस खात उभी होती, बाजूला तिची वगार. डाव्या कोपराच्या मागे, छातीला लागून, होकायंत्र आडवं धरलं. दारापाशी उत्तर दाखवणारी सुई थरथरली आणि वळून म्हशीच्या पोटाकडे टोक करून थांबली. काकाजींनी होकायंत्र माझ्या हातातून घेतलं, दोन पावलं मागे गेले, पुन्हा पुढे आले. मग वगारीच्या कोपरामागे धरून पाहिलं. तिथं सुई हलली नाही.

'हिले कवा द्यायचं जी?' त्यांनी विचारलं.