'ट्वीडल डी'ची पार्श्वभूमी: गाणं तेच, चाल तीच, मग नुकसान कोणाचं?

कृष्णवर्णीय गायिका लव्हर्न बेकर यांचं 'ट्वीडल डी' हे गाणं १९५५च्या सुरुवातीला अमेरिकेत गाजू लागलं आणि काही आठवड्यांतच गोऱ्या गायिका जॉर्जिया गिब्ज यांच्या आवाजात तेच गाणं बाजारात आलं. बेकर यांची रेकॉर्ड रिदम अँड ब्लूजच्या (कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या संगीताच्या) यादीत चौथ्या आणि पॉपच्या यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेली, तर गिब्ज यांची पॉपच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली. गोऱ्या श्रोत्यांच्या रेडिओ केंद्रांवर कोणाची रेकॉर्ड जास्त वाजणार, हे तेव्हा वेगळं सांगावं लागत नव्हतं.

दोन्ही रेकॉर्ड लागोपाठ ऐकाव्यात. तोच डुलता लॅटिन ढंगाचा ठेका, कोरसचे तेच 'हम्प्टी अम बम बम', शब्दांवरचे झोकही जवळजवळ तेच. गाणं दुसऱ्याने गाण्याला बेकर यांची हरकत नव्हती. आपल्या रेकॉर्डची मांडणी, म्हणजे ठेका, कोरस, झोक यांची रचना, जशीच्या तशी उचलली, ही त्यांची तक्रार होती, आणि ती मला पूर्णपणे रास्त वाटते.

कायदा मात्र त्यांच्या बाजूने नव्हता. १९०९च्या कॉपीराइट कायद्यानुसार एकदा गाणं रेकॉर्ड झालं की ते कोणीही पुन्हा रेकॉर्ड करू शके. हक्कधारकाला प्रत्येक रेकॉर्डमागे दोन सेंट दिले की झालं. म्हणजे गीतकार-संगीतकाराला दोन्हीकडून पैसे आणि मूळ गायिकेला दुसऱ्या रेकॉर्डमधून काहीच नाही. उरला प्रश्न मांडणीचा. त्याचा निकाल कॅलिफोर्नियातल्या एका संघीय न्यायालयाने १९५०मध्येच देऊन टाकला होता. पॉला वॉटसन यांच्या 'अ लिटल बर्ड टोल्ड मी'सारखीच रेकॉर्ड एव्हलिन नाइट यांच्या आवाजात निघाली आणि पॉपच्या यादीत पहिली आली, म्हणून मूळ कंपनी कोर्टात गेली. न्यायाधीशांनी दोन्ही रेकॉर्ड ऐकल्या आणि मूळ मांडणीत संरक्षण द्यावं असं वेगळेपण नाही, असं ठरवलं. एवढ्यावर न थांबता मूळ रेकॉर्ड यांत्रिक, प्रेरणाहीन आणि नंतरची अधिक समृद्ध, असाही शेरा निकालात मारला. मांडणीला हक्क आहे की नाही, हा कायद्याचा प्रश्न होता; कोणती रेकॉर्ड कानाला गोड लागते, याचा तिथे काय संबंध? हा निकाल त्या काळातल्या कृष्णवर्णीय गायकांना फार महागात पडला.

म्हणून बेकर यांनी कोर्टाऐवजी आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहून कायदा बदलण्याची मागणी केली. कायदा बदलला नाही. न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्राने त्याच वर्षी हुबेहूब नकला न वाजवण्याचं जाहीर केलं, पण एका केंद्राने काय होणार? पुढे १९७२पासून अमेरिकेत ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र संघीय संरक्षण मिळालं, तेही प्रत्यक्ष मुद्रित आवाजापुरतं. नव्याने गाऊन-वाजवून केलेली नक्कल, कितीही हुबेहूब असली तरी, त्याच्या कक्षेबाहेरच ठेवली गेली. १९७३मध्ये लहानग्या जिमी ऑस्मंडने हेच गाणं ब्रिटनमध्ये पुन्हा गाजवलं. मूळ रेकॉर्डचा बाजार तोवर कधीच संपला असल्याने त्यावर कोणाची कुरकुर असण्याचं कारण नव्हतं.

बेकर यांचं नुकसान पहिल्या काही आठवड्यांतच झालं होतं. असाच प्रश्न भारतातही आला: १९८०च्या दशकात जुन्या हिंदी गाण्यांच्या नव्या आवाजातल्या कॅसेटींवरून बरेच वाद झाले. २०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात कव्हर, म्हणजे जुन्या गाण्याची नव्याने केलेली रेकॉर्ड, काढण्याच्या परवान्याचं कलम ३१सी आलं: मूळ गाणं रेकॉर्ड झालेलं वर्ष संपल्यावर पाच वर्षं उलटल्याखेरीज या परवान्यावर कव्हर काढता येत नाही.