नावलौकिक वेगळा, गुडविल वेगळं

चालता धंदा विकायला निघाला की ‘नावाचे पैसे’ वेगळे लावले जातात. त्या पैशांना आपण गुडविल म्हणतो आणि गुडविल म्हणजे नावलौकिकच, असं धरून चालतो. गप्पांमध्ये हे खपून जातं. कोर्टात आणि ताळेबंदात मात्र नाही.

बडवायझर या अमेरिकन बिअरचं नाव ब्रिटनमध्ये अनेकांना माहीत होतं. पण ती तिथे मिळायची मुख्यतः अमेरिकी लष्करी तळांवर, बाहेरच्या माणसाला नाही. त्याच नावाची चेकोस्लोव्हाकियातली बिअर ब्रिटनच्या बाजारात आल्यावर अमेरिकन कंपनीने दावा लावला आणि १९८४ मध्ये अपिलात ती हरली. नाव होतं, पण त्या बाजारात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून गुडविलही नव्हतं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये टोयोटाच्या ‘प्रियस’ या नावाबाबत हाच धागा पकडला. गाडी जपानमध्ये १९९७ पासून विकली जात होती, जगभर तिचा बोलबाला होता. पण प्रतिवादी, म्हणजे ज्यांच्यावर टोयोटाने दावा लावला होता ते, हे नाव इथे वापरू लागले तेव्हा भारतीय बाजारात तिचं गुडविल तयार झालं होतं, याचा पुरेसा पुरावा टोयोटाला देता आला नाही.

थोडक्यात, नावलौकिक लोकांच्या तोंडी असतो आणि धंदा नसलेल्या गावीही पोचतो. गुडविल धंद्याला चिकटलेलं असतं. गिऱ्हाईक परत येतं, त्यात ते दिसतं. १८१० मध्ये इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड एल्डन यांनी तर ते अगदीच उघडं करून सांगितलं: जुनी गिऱ्हाइकं जुन्याच जागी येत राहण्याची शक्यता, बाकी काही नाही. मला ही व्याख्या जरा कंजूष वाटते. १९०१ मध्ये न्यायाधीश लॉर्ड मॅकनॉटन यांनी वापरलेला ‘गिऱ्हाईक खेचून आणणारी शक्ती’ हा शब्दप्रयोग जास्त पटतो, कारण गिऱ्हाईक नेहमी जागेसाठीच येतं असं नाही. १९३४ च्या एका निकालात न्यायमूर्ती स्क्रटन यांनी गिऱ्हाइकांची मांजर, कुत्रा आणि उंदीर अशी विभागणीच मांडली होती. मांजर घर सोडत नाही, मालक बदलला तरी तिथेच राहतं. कुत्रा मालकाच्या मागे जातो. उंदराला दोघांशीही देणंघेणं नसतं. धंदा विकत घेणाऱ्याने यातलं मांजर किती आणि कुत्रे किती, हे आधी पाहावं. कारण कुत्रे जुन्या मालकाबरोबर जाणार.

इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ सदिच्छा, म्हणजे दुसऱ्याचं भलं व्हावं ही भावना. तो व्यापारात शिरला तोही बराच आधी: १५७१ सालच्या एका इंग्रजी दस्तात एक जण आपल्या दगडखाणीतला हक्क आणि तिचं ‘गुडविल’ दुसऱ्याला देतो. भावना मालमत्ता झाली ती अशी. नावलौकिक मात्र असा देता येत नाही.

हिशेबनिसांचं गुडविल आणखी निराळं. एखादी कंपनी घेताना मोजलेल्या रकमेतून तिच्या ओळखता येणाऱ्या मालमत्तेचं निव्वळ वाजवी मूल्य वजा करायचं; जे उरतं ते गुडविल. पेटंट, ट्रेडमार्क वगैरे आधीच वेगळे काढून मोजलेले असतात, म्हणून या शिल्लक रकमेत नावापेक्षा बाकीच्याच गोष्टी जास्त येतात: तयार माणसं, दोन धंदे एकत्र आल्याचा अपेक्षित फायदा, आणि कधीकधी निव्वळ जास्त मोजलेले पैसे. स्वतः कमावलेलं गुडविल ताळेबंदात दाखवताच येत नाही. धंदा कितीही नावाजलेला असला तरी कोणी विकत घेईपर्यंत तो आकडा शून्य.

उलटही घडतं. एओएल ही इंटरनेट कंपनी आणि टाइम वॉर्नर ही माध्यम कंपनी एकत्र आल्यावर ताळेबंदात गुडविलचा डोंगर उभा राहिला होता. २००२ च्या पहिल्या तिमाहीत त्यातले सुमारे ५४ अब्ज डॉलर कंपनीला निर्लेखित करावे, म्हणजे तोटा म्हणून हिशेबातून काढून टाकावे लागले. दोन्ही नावं तेव्हाही अमेरिकेत घरोघरी माहीत होती.