आयरिश संगीतातली 'आमच्याकडची' चाल आली कुठून

आपल्या कानाला सगळं एकच 'आयरिश म्युझिक' वाटतं, पण तिथल्या वादकांना विचारा, ते आधी जिल्हा सांगतात. आणि गंमत म्हणजे हे 'आमच्या भागाचा बाज जपू या' प्रकरण बऱ्यापैकी अलीकडचं आहे, तो बाज जायला लागला तेव्हा सुचलेलं.

उत्तरेला डोनेगॉल. तिथली माणसं हंगामी मजुरीला स्कॉटलंडला जायची आणि येताना तिथल्या चाली घेऊन यायची, त्यामुळे तिथलं फिडल, म्हणजे व्हायोलिनच, जरा खडं, एकेका सुराला गजाचा वेगळा झटका. तिथला नावाजलेला वादक जॉन डोहर्टी, घरचा धंदा गावोगाव फिरून पत्र्याची भांडी करायचा, आणि या मंडळींनी पत्र्याची फिडलं पण बनवली.

दक्षिणेला कॉर्क-केरीच्या सीमेवर स्लीव्ह लूखरा नावाचा भाग, इथे पोल्का आणि स्लाइड्स या प्रकारच्या चाली, सगळं नाचासाठी. इथला पॉड्रिग ओ'कीफ (1887–1963) म्हणजे माझा फेवरिट माणूस. शाळामास्तर होता, ती नोकरी गेली, मग मैलोन् मैल चालत घरोघरी जाऊन फिडल शिकवायचा. नोटेशनची त्याची स्वतःची पद्धत होती, कागदावर ओळींमधल्या चार जागा म्हणजे चार तारा आणि त्यात आकडे, कुठलं बोट ठेवायचं त्याचे, बस. डेनिस मर्फी आणि त्याची बहीण ज्युलिया क्लिफर्ड हे त्याचेच शिष्य.

मग घोळ कुठे झाला, तर रेकॉर्डमध्ये. स्लायगो जिल्ह्याचा फिडलवादक मायकेल कोलमन 1914 ला अमेरिकेत गेला, 1920 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकड्या निघाल्या आणि त्या परत आयर्लंडला आल्या. वाजवायचाच असा की पोरं आपल्या गावचं सोडून त्याचं उचलायला लागली, म्हणजे एका जिल्ह्याचा बाज सगळ्या देशाचा होऊन बसला. त्यात 1935 चा डान्स हॉल कायदा, सार्वजनिक नाचाला लायसन्स लागणार, आणि पाद्री लोक आधीच घरातल्या नाचांवर डोळा ठेवून होते, मग स्वयंपाकघरातले नाच मोठ्या हॉलमध्ये गेले आणि तिथे आवाज पोचवायला बँड आले. एकट्या फिडलचे बारकावे त्या गोंगाटात कोण ऐकणार?

1951 मध्ये पारंपरिक संगीत जपायला कोल्तस ही संस्था निघाली, तिच्या स्पर्धांनी संगीत नक्कीच वाचवलं, पण स्पर्धेसाठी सगळे सारखंच वाजवायला लागले अशी कुरकुर जुने वादक करायचे, आणि मला ती पटते. गावचा बाज टिकला तो जास्त करून शेजारी बसून शिकण्यातून. क्लेअर जिल्ह्यातला पाइपवादक (पाइप म्हणजे आयरिश बॅगपाइप) विली क्लॅन्सी 1973 च्या जानेवारीत गेला, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मिलटाउन मॅल्बे या त्याच्या गावी त्याच्या नावाने संगीताची शाळा भरली. ती अजून दर जुलैला भरते, सकाळी क्लास आणि रात्री पबमध्ये जागा मिळेल तिथे बसून वाजवायचं.